सुपडूनानांचा बारा माणसांचा ओटा

सुपडूनाना कोणत्याही जागेबद्दल मत देण्याआधी तिथे बसून बघतात. उभ्याउभ्या मत देणारी माणसं त्यांना पटत नाहीत. मुलासाठी, म्हणजे प्रमोदसाठी, धुळ्याला मुलगी बघायला गेले होते. मुलगी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली तर नाना जागेवर नाहीत. शोधाशोध झाली तेव्हा ते घराबाहेर ओट्यावर मांडी घालून बसलेले सापडले. आत येऊन म्हणाले, "घर चांगलं शे. ओटा गुळगुळीत शे."

नानांच्या मनात असं होतं की ज्या घराचा ओटा माणसं बसून बसून गुळगुळीत झालाय, त्या घराला माणसांचा कंटाळा नाही. सोयरीक जमली. मुलीचं तोंड मात्र नानांनी थेट लग्नातच नीट पाहिलं, असं त्यांच्या पत्नी, म्हणजे नानी, सांगायच्या.

नव्या घरांच्या वास्तुशांतीला नाना हौसेनं जातात. यजमान त्यांना खोल्या दाखवतात, फरशी कुठून आणली ते सांगतात, पीओपीतले दिवे लावून-विझवून दाखवतात. नाना सगळं बघतात आणि शेवटी दारात थांबून विचारतात, "बठ्ठं ठीक शे, पन बसानं कोठे?" यजमान सोफ्याकडे बोट दाखवतो. नाना सोफ्याकडे अशा नजरेनं बघतात की यजमानालाच आपला सोफा खोटा वाटायला लागतो.

नाना मूळचे पारोळ्याकडच्या खेड्यातले. चाळीस वर्षांपूर्वी जळगावात आले, डाळ मिल काढली, ती चालली. घरात अहिराणी बोलतात, गिऱ्हाईकाशी हिंदी आणि माझ्याशी या दोन्हींत थोडी शाळा मिसळून. मी त्यांच्या समोरच्या घरात राहतो. हयात मराठी शिकवण्यात गेली, त्यामुळे सगळी कॉलनी मला गुरुजी म्हणते आणि कुणाला अर्ज लिहायचा असला की माझ्याकडे येते. या सवयीनंच पुढचा घोटाळा झाला, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

नानांच्या जुन्या घराला रस्त्याकडे तोंड करून ओटा होता. शहाबादी फरशीचा. उंची एक हात चार बोटं. हे माप नानांनी स्वतः काढलेलं. त्याहून कमी केला तर म्हाताऱ्या माणसाला उठताना त्रास होतो, जास्त केला तर पाय लोंबतात. संध्याकाळी नानी तिथे गवार मोडत बसायच्या आणि जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला नावानं हाक मारायच्या. भाजीवाली टोपली टेकवायची. पोस्टमन सायकल लावून पाणी प्यायचा. मी तर निवृत्त झाल्यापासून रोज तासभर तिथेच असायचो. माझी बायको म्हणायची, "पेन्शन बँकेत आणि माणूस ओट्यावर." नानींना कॉलनीतल्या सगळ्यांची नावं, त्यांच्या मुलांची नावं आणि त्या मुलांनी कोणत्या इयत्तेत गटांगळी खाल्ली, हे सगळं तोंडपाठ होतं. शेवटचा तपशील माझ्याकडून गेला असावा.

मग प्रमोदच्या डोक्यात बंगला आला. मिलच्या कामानं तो गावोगाव फिरतो, मोठ्या लोकांची घरं बघतो. जुनं घर पाडून त्याच प्लॉटवर नवीन बांधायचं ठरलं. आर्किटेक्ट पुण्याची. हुशार, तरुण, बोलायला अतिशय गोड. पहिल्या भेटीला नाना आणि प्रमोद मलाही घेऊन गेले. तिच्या ऑफिसात मधोमध एक मोठा गोल दगड ठेवला होता, वरून घासून चकचकीत केलेला. ते एका कलावंताचं शिल्प आहे हे आम्हाला पुढे कळलं. नाना आल्या आल्या त्यावर जाऊन बसले, हातानं उंची मापली आणि म्हणाले, "हाई बराबर शे." मॅडम हरखल्या. इतक्या लवकर ते काम कुणाला भावलं नव्हतं म्हणे.

त्या बोलत होत्या आणि आम्ही तिघं माना हलवत होतो. हल्लीचा कल साधेपणाकडे आहे, असं त्या म्हणाल्या. मिनिमल. रंग मातीचे, भिंती चुन्याच्या, छताचं काँक्रीट उघडं. दारं अशी की भिंत कुठे संपली आणि दार कुठे लागलं ते दिसू नये. कप्प्यांना मुठी नाहीत. निसर्ग घराच्या आत आणि शेजारी घराच्या बाहेर. हे शेवटचं त्यांनी 'प्रायव्हसी' या शब्दात सांगितलं, अर्थ मी लावला. परत येताना गाडीत नानांनी मला विचारलं, "गुरुजी, मिनिमल मंजे काय?" मी म्हणालो, कमीत कमी. नानांनी चाळीसगाव येईपर्यंत विचार केला. मग म्हणाले, "मंजे बठ्ठं शे, पन दिखत नही."

मॅडमनी घरच्या सगळ्यांच्या अपेक्षा लिहून मागवल्या होत्या. प्रमोदनं चार पानं पाठवली. नाना माझ्याकडे आले. त्यांची अपेक्षा एकच होती. मोबाईलवर मी ती सुबक मराठीत टंकली: 'ओटा प्रशस्त असावा. त्यावर दहा-बारा माणसे सहज बसू शकतील, गप्पा मारू शकतील, असा असावा. घरातील स्त्रीचा बहुतांश वेळ तेथेच जातो, हे कृपया ध्यानात घ्यावे.'

शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. मी दोनदा तपासलं होतं.

नकाशा आला तो मोबाईलवर. त्यात एक लांबलचक चौकोन होता आणि त्याच्याभोवती छोटी छोटी वर्तुळं. नानांनी बोट ठेवून मोजली. बारा. "बारा मानसं," ते म्हणाले. "बराबर शे." चौकोनावर इंग्रजीत 'आयलंड' लिहिलं होतं. मी समजावलं, ओटा घरापासून जरा सुटा ठेवला असेल, बेटासारखा. भाषेचा माणूस असल्यामुळे मला अशी स्पष्टीकरणं पटकन सुचतात. नानांनी अंगठा दाखवणारं चित्र पाठवून संमती दिली.

घर बांधून होईपर्यंत दीड वर्ष ते लोक रिंगरोडच्या पलीकडे एका फ्लॅटमध्ये राहिले. सहावा मजला. नाना रोज साइटवर यायचे, नानी कधी आल्या नाहीत. विचारलं की नाना म्हणायचे, "तिना गुडघा दुखस." साइटवर त्यांचं एकट्याचं एक युद्ध चालू असायचं. छताला गिलावा होत नाही हे बघून त्यांनी मिस्त्रीला विचारलं, "प्लास्टर करनारा पळी गया का?" मिस्त्री म्हणाला, असंच ठेवायचंय. नानांना वाटलं मिस्त्री कामचुकारपणा करतोय. ते स्वतः पाळधीहून एक गवंडी घेऊन आले. मॅडमना पुण्याहून फोनवर अर्धा तास गवंड्याची समजूत घालावी लागली. ओट्याचं विचारलं की मिस्त्री म्हणायचा, त्याचा दगड सगळ्यात शेवटी येणार. भिंतींचा चुना-मातीचा रंग बघून तर ते हसतच सुटले. त्यांची आई दर पाडव्याला घर सारवायची, अगदी तसा तो रंग होता. "आमनी मायनी जलमभर जे सारवं," ते म्हणाले, "ते करनारा आते पुन्याहून येतस."

वास्तुशांत झाली. लॉनवर तुरकाठ्या पेटवून वांगी भाजली, भरीत आणि कळण्याच्या भाकरीचं जेवण होतं. सगळी कॉलनी घर बघायला लोटली होती. आठ फूट उंच भिंत, तिला सरकतं गेट, गेटावर कॅमेरा. मी बाहेरूनच ओटा शोधत होतो. नानाही शोधत होते. शेवटी त्यांनी मॅडमना विचारलं. मॅडम म्हणाल्या, "चला ना, तुमचाच तर आहे," आणि आम्हाला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या.

खोलीच्या मधोमध चौदा फूट लांबीचा काळा दगड होता. त्यात शेगडी बसवलेली, एका टोकाला सिंक. भोवती बारा उंच स्टुलं.

"तुम्ही लिहिलं होतं तसा," मॅडम माझ्याकडे बघून म्हणाल्या. "इतकी सुंदर अपेक्षा मला आजवर कुणी लिहून पाठवली नव्हती. घरातली बाई स्वयंपाक करतेय आणि माणसं तिच्याभोवती बसून गप्पा मारतायत."

माझ्या पायाखालची फरशी इटालियन होती, तरी सरकली. घराबाहेरचा तोही ओटा आणि स्वयंपाकाचा तोही ओटा, हे मी तीस वर्षं अनेकार्थी शब्दांत शिकवत आलो होतो. नाना एका स्टुलावर चढले. दोन्ही पाय लोंबायला लागले. पाय ठेवायची दांडी त्यांना सापडली नाही. थोड्या वेळानं त्यांनी हळूच मला विचारलं, "गुरुजी, यावर तिले कसं बसता येई?"

मी म्हणालो, नाना, चूक माझी. ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. मॅडमले सांगू नका. पोरनी मनपासून करेल शे." मग खाली कसं उतरायचं हे दोघांनाही कळेना, तेव्हा प्रमोदनं त्यांना धरून उतरवलं.

त्यानंतर नानांच्या घरातल्या गमती कॉलनीत पसरायला लागल्या, आणि त्या पसरवत होते स्वतः नाना. सकाळी गेटाबाहेरच्या उतारावर, गाडी चढते तिथे, ते उकिडवे बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. "नळले मूठ नही. हात जोडा तव्हय पानी येस." पाहुण्यांच्या संडासाला पावडर रूम म्हणतात हे ऐकून त्यांनी तिथे टाल्कम पावडरचे दोन डबे नेऊन ठेवले. अंगणातल्या शोभेच्या पाण्यात पुदिना लावला, तो मात्र फोफावला. दिव्यांना तोंडी हुकूम द्यायचा असतो. नानांनी अहिराणीत दिला, तर पडदे उघडले.

सगळ्यात जास्त हशा दारांवर झाला. नानांना म्हणे घरातली दारंच सापडत नव्हती. लाकडाच्या पट्ट्यांची सलग भिंत, त्यातली कुठली पट्टी ढकलली की दार उघडतं हे लक्षातच राहत नाही, असं ते सांगायचे. "काल न्हानीले गऊ आनि कपाटमा शिरी गऊ," ते सांगायचे आणि स्वतःच सगळ्यांत मोठ्यानं हसायचे. मग त्यांनी खुणा करायला सुरुवात केली. न्हाणीच्या दारावर खिळा ठोकून पितळी तांब्या टांगला. देवघराला आंब्याचं तोरण. झोपायच्या खोलीला नानींच्या जुन्या हिरव्या लुगड्याची पट्टी. स्वयंपाकघराच्या वाटेवर सूप. प्रमोदच्या बायकोनं कपाळाला हात लावला. माझी बायको म्हणाली, "एवढी मिल चालवली या माणसानं, आणि आता दार सापडत नाही. वय झालं हो नानांचं." मीही तसंच म्हणालो, आणि दुसऱ्यांना सांगताना थोडं मीठमसाला लावूनच सांगितलं. नानी कुणाला दिसत नव्हत्या. गुडघा दुखत होता.

दिवाळीनंतर मॅडम फोटोग्राफर घेऊन आल्या. घर कुठल्याशा मासिकात येणार होतं. त्या आत गेल्या आणि तांब्या, सूप, तोरण बघून पांढऱ्या पडल्या. रागावल्या नाहीत. नानांना म्हणाल्या, "फक्त तासभर काढून ठेवू का? नंतर जसंच्या तसं लावून देते." नाना घुटमळले. त्यांनी एकदा आतल्या खोलीकडे बघितलं. "तासभर?" त्यांनी विचारलं. मग हो म्हणाले. मला मध्यस्थ म्हणून बोलावलं होतं, त्यामुळे ते सगळं सामान माझ्याच हातात आलं. तोरण गळ्यात, तांब्या काखेत आणि सूप छातीशी धरून मी कोपऱ्यात उभा राहिलो.

त्या तासात मला एक गोष्ट खटकली. नाना त्या घरात सरळ चालत होते. फोटोसाठी उपरणं आणायला ते मधल्या वाटेनं गेले, न बघता एका पट्टीला कोपरानं ढकललं, दार उघडलं. परत येताना देवघरातून उदबत्तीचं घर घेऊन आले. एकदाही अडखळले नाहीत. मला वाटलं, चला, सरावले एकदाचे.

थोड्या वेळानं मधल्या वाटेवरून भिंत चाचपल्याचा आवाज आला. मी डोकावलो. नानी उभ्या होत्या. दीड-पावणेदोन वर्षांनी मी त्यांना जवळून बघत होतो. वाळल्या होत्या. दोन्ही तळवे लाकडी भिंतीवर टेकवून एक एक पट्टी चाचपत होत्या. मी म्हणालो, "नानी, काय शोधताय?" त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. ज्या बाईनं वीस वर्षं मला लांबूनच 'गुरुजी' म्हणून हाक मारली, तिनं माझ्याकडे बसस्टँडवरच्या माणसाकडे बघावं तसं बघितलं.

"भो, हाई कोनं घर शे?" त्यांनी विचारलं. "माले मना घर जानं शे."

मला अर्जाची भाषा आली असती, ही येईना. तेवढ्यात मागून नाना आले. त्यांनी मला बघितलं, माझ्या काखेतला तांब्या बघितला. मग मी तिथे नाहीच असं करून ते नानींच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि स्वतःचेही दोन्ही तळवे भिंतीला लावले.

"मालेबी सापडत नही," ते म्हणाले. "चाल, दोन्हीजन धुंडूत."

आत्ता दहा मिनिटांपूर्वी कोपरानं दार उघडलेला माणूस एक एक पट्टी चाचपायला लागला. हे नाही. हे पण नाही. नानी त्यांच्या पुढे पुढे. चौथी की पाचवी पट्टी नानींनी ढकलली आणि न्हाणीचं दार उघडलं.

"सापडनं," नाना म्हणाले. "तुलेच सापडनं. माले नही."

नानींच्या चेहऱ्यावर हसू आलं. "तुमले काहीच समजत नही," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. नाना दाराबाहेर उभे राहिले.

मग ते माझ्याकडे न बघता हळू आवाजात बोलले. फ्लॅटमध्ये गेल्यावरच हे सुरू झालं होतं. डॉक्टर झाले, औषधं चालू आहेत. घर आपलंच आहे, हे तिला पटत नाही. ओट्यावर बसवलं असतं, चार माणसांनी येता-जाता हाक मारली असती तर कदाचित काही नावं राहिली असती. "लोके हासतात, तं मनावर हासू द्या," ते स्वतःकडे बोट करून म्हणाले. "तिनावर नको."

मला माझी इतकी लाज याआधी कधी वाटली नव्हती. त्या हसण्यातला मोठा वाटा माझा होता.

मागे मॅडम उभ्या होत्या. त्यांनी किती ऐकलं, अहिराणी किती कळली, मला माहीत नाही. त्या आल्या, माझ्या काखेतून तांब्या काढून घेतला आणि न्हाणीच्या दारावर परत टांगला. फोटोग्राफर म्हणाला, अजून दोन कोन राहिलेत. त्या म्हणाल्या, राहू देत. मग मी त्यांना अनेकार्थी शब्दांचा धडा उभ्याउभ्याच शिकवला. त्यांनी स्वयंपाकघरातल्या चौदा फुटी दगडाकडे बघितलं. "सर," त्या म्हणाल्या, "मला परत एकदा लिहून द्या. या वेळी मापासकट."

मी लिहून दिलं. ओटा घराबाहेर. तोंड रस्त्याकडे. भिंत तेवढ्यापुरती तोडावी. वर शहाबादी फरशी. उंची एक हात चार बोटं, हात नानांचा. यात व्याकरण जरा ढिलं झालं, पण मी तपासलं नाही. पाळधीचा तोच गवंडी आला आणि या वेळी त्याला फोनवर कुणी समजावलं नाही.

त्या मातकट, मिनिमल भिंतीला आता मधोमध खिंडार आहे आणि त्यात ओटा आहे. बाहेरगावचे लोक बंगला बघायला येतात आणि ही कुठली नवीन पद्धत म्हणून विचारतात. काम पूर्ण झालं त्या दिवशी नाना त्यावर बसले, हात फिरवला आणि पहिल्यांदाच कुठे बसायचं असं विचारलं नाही. "खरबरीत शे," एवढंच म्हणाले. "व्हई गुळगुळीत."

संध्याकाळी नानी तिथे बसतात. पुढ्यात गवार असते. शेंगा मोडून होतात, मग मोडलेल्याच परत मोडतात. नाना शेजारी बसून जाणाऱ्या प्रत्येकाला मुद्दाम मोठ्यानं नावानं हाक मारतात, म्हणजे नानींच्या कानावर नाव पडावं. भाजीवालीचं नाव त्यांना दोनदा आठवलं. माझं अजून नाही.

मी समोरून रस्ता ओलांडून जातो. बारा पावलं. रोज नानी विचारतात, "कोन भो तुम्ही? कोठे जानं शे?" पहिले काही दिवस मी सांगायचो, नानी, मी गुरुजी, समोरचा. त्या गोंधळायच्या, समोरच्या घराकडे बघायच्या, घाबऱ्या व्हायच्या. मग मी नानांकडून शिकलो. आता मी म्हणतो, "रस्ता चुकलो, नानी. घर सापडत नाही."

त्यांना फार बरं वाटतं. त्या गवारीचं सूप उचलून मांडीवर घेतात आणि सरकून मला जागा करून देतात.

"मंग बसा," त्या नानांकडे बोट दाखवून म्हणतात. "आमना यास्लेबी सापडत नही."